चारही स्पीकर एकदम उडत नसतात

‘स्पीकर गेला, जोडी बदलावी लागेल.’ सावेडीपासून श्रीरामपूरपर्यंत, गाडीच्या टेपचं काम करणाऱ्या दुकानांत हा निकाल फार लवकर लागतो. दरवाजाचं पॅनल उघडलेलं नसतं, कपलर सुटलेला नसतो, मीटर खणातच असतं. आवाज वाढवून एकदा ऐकायचं, मान हलवायची आणि नव्या जोडीचा खोका काउंटरवर ठेवायचा. गिऱ्हाईकही वाद घालत नाही. त्याला अंधार पडायच्या आत पाथर्डी नाहीतर जामखेड गाठायचं असतं. तो पैसे मोजतो आणि जुने स्पीकर दुकानातच सोडून निघून जातो.

या पद्धतीची बाजू घेणारे काही अडाणी नाहीत. त्यांच्याकडे मुद्दे आहेत आणि ते ठासून मांडले जातात. कानाला सगळं कळतं. मीटर लावलं की विषय संपतो. नगरच्या धुळीत, उन्हात, खड्ड्यांत स्पीकर टिकतच नाही. लोक आवाज फुल करतात म्हणून तो उडतो. आणि शेवटचा मुद्दा, तपासत बसायला वेळ परवडत नाही. यातले पहिले चार मुद्दे एकतर चुकीचे आहेत किंवा अर्धे आहेत. पाचवा मात्र खरा आहे, आणि सगळं दुखणं तिथेच आहे. म्हणून त्याच्याकडे शेवटी येऊ.

आधी कान. आवाज फाटतोय, चिरकतोय, फडफडतोय, एका बाजूने येतच नाही, हे कान बरोबर सांगतो. बिघाड कुठे आहे ते त्याला सांगता येत नाही. गाणं फोनमधून किंवा पेनड्राइव्हमधून निघतं, टेपमध्ये शिरतं, तिथल्या अँप्लिफायरमधून वायरवर येतं, दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतून दरवाजात उतरतं, कपलरमधून स्पीकरला पोचतं आणि मग दरवाजाचा पत्रा नि प्लास्टिक हादरवत कानावर येतं. यातल्या कुठल्याही मुक्कामावर घोळ झाला तरी आवाज बिघडतो. आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो, म्हणून दोषही त्याचाच, असं धरून चालणं सोयीचं आहे, बरोबर नाही.

‘चारही गेले’ हा तर सगळ्यात हास्यास्पद निकाल. चार वेगळ्या जागी बसवलेल्या चार वेगळ्या कॉइली एकाच क्षणी कशा जळतील? चारही स्पीकर एकदम गप्प झाले, तर संशय चौघांमध्ये जे सामाईक आहे त्यावर घ्यायला हवा. फ्यूज, टेपचा वीजपुरवठा, अर्थिंग, टेपमधलं संरक्षणाचं सर्किट. आजच्या बहुतेक टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या साधारण निम्मं व्होल्टेज असतं. त्यातली एखादी वायर सोलवटून गाडीच्या बॉडीला टेकली, की टेप स्वतःला वाचवण्यासाठी सगळाच आवाज बंद करतो. म्हणजे एका दरवाजातली घासलेली वायर चारही स्पीकर मुके करू शकते. अशा गाडीत दोन जोड्या नव्या बसवल्या तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक, गाडी मुकीच राहील आणि चूक उघड होईल. दुसरी, नवे स्पीकर जोडताना ती वायर आपसूक बॉडीपासून सुटेल आणि गाणं सुरू होईल. ही दुसरी शक्यता जास्त वाईट. कारण आता चुकीच्या निदानाला यश आलेलं असतं. मालक खूश, मिस्त्री खूश, आणि पुढच्या गाडीला हाच निकाल आणखी ठामपणे दिला जातो. ‘बदलल्यावर चालू झालं ना?’ हा पुरावा किती कच्चा आहे ते एवढ्यावरून कळावं.

असे आणखी निकाल रोज लागतात. इंजिनाची रेस वाढवली की त्याबरोबर चढत जाणारी बारीक शिट्टी ऐकू आली, तर ती अल्टरनेटरची कुरकुर असते आणि खराब अर्थिंगमधून आत शिरलेली असते. स्पीकर बिचारा आलं ते वाजवतो. बेसच्या ठोक्याला दरवाजा खडखडला तर आधी पॅनलवर तळहात दाबून धरावा. खडखड थांबली तर निसटलेली क्लिप किंवा सैल स्क्रू हा दोषी. बेस अचानक पातळ वाटू लागला आणि हे टेप किंवा स्पीकरचं काम झाल्यानंतर घडलं असेल, तर एका स्पीकरच्या प्लस-मायनस वायरी उलट जोडल्या गेल्या असण्याची शक्यता मोठी. मग एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि दोघं एकमेकांचा बेस मारतात. बॅलन्स पूर्ण एका बाजूला फिरवला की बेस उलट भरून येतो, ही त्याची खूण. दोन निरोगी स्पीकर या एका चुकीपायी भंगारात जाऊ शकतात.

हे ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. बॅलन्स आणि फेडर फिरवून आवाज एकेका कोपऱ्यात न्यायचा. कुठला कोपरा बिघडलाय ते ठरतं. मग गाणं बदलायचं, फोनऐवजी रेडिओ लावायचा. फाटका आवाज फक्त एकाच फाइलमध्ये असेल तर गाडीत काहीच बिघडलेलं नाही. त्यानंतर टेपमागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी आपसात बदलायच्या. बिघाड दुसऱ्या दरवाजात सरकला तर दोष टेपमध्ये आहे. तो जागच्या जागी राहिला तर दोष वायरीत किंवा स्पीकरमध्ये. एवढं केल्याशिवाय पॅनलला स्क्रूड्रायव्हर लावणं हीच घाई आहे.

आता मीटर. कान पुरेसा नाही हे मान्य करणारे लोक लगेच दुसऱ्या टोकाला जातात. ‘मीटरला लावला, ओहम आले, स्पीकर ठीक. नाही आले, गेला.’ मीटर खोटं बोलत नाही, पण विचारलं तेवढंच सांगतं. डायल ओहमवर ठेवून दोन टोकं लावली, की तांब्याची कॉइल अखंड आहे का, एवढाच प्रश्न आपण विचारलेला असतो. 

गाडीचे स्पीकर बहुधा ४ ओहमचे. पण हे ४ ओहम चालू आवाजातल्या अडथळ्याचे. मीटरच्या स्थिर विजेवर तोच स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. ‘चार लिहिलंय आणि साडेतीन येतंय, म्हणजे कॉइल जळत आलीय’ असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडून स्पीकर घेऊ नये. मीटरच्या वायरींचाही स्वतःचा थोडा अडथळा असतो. दोन टोकं एकमेकांना टेकवून तो आधी पाहायचा आणि आलेल्या आकड्यातून वजा करायचा. शिवाय तापलेल्या तांब्याचा अडथळा वाढतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. एप्रिलमधल्या दुपारी तारकपूरच्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीतला स्पीकर ६० अंशांवर गेला, तर २५ अंशांना ३.५ दाखवणारी कॉइल ४च्या जवळ दाखवेल. तीच कॉइल सकाळी मोजली तर पुन्हा साडेतीन. आकडा एकटा वाचायचा नसतो. त्याच गाडीतला, त्याच जोडीतला दुसरा स्पीकर मोजून शेजारी ठेवला की तो बोलायला लागतो.

आकडा साफ पडला, समजा ४ ओहमच्या कॉइलवर दीड आला, तर काही वेढे आपसात चिकटलेत. मीटर काहीच दाखवत नसेल तर कुठेतरी तार तुटली आहे. पण कुठे? कॉइल जळाली असू शकते, किंवा पत्तीपासून पडद्याकडे जाणारी विणलेली लवचीक तार तुटलेली असू शकते. ती बाहेरच असते, डोळ्यांना दिसते, आणि बऱ्याचदा डाग मारून जोडता येते. पडदा हलक्या हाताने हलवताना आकडा येत-जात असेल तर दोष याच तारेचा. कॉइल जळाली असेल तर मागून नाक लावल्यावर करपलेल्या वार्निशचा वास येतो. नाक हेही तपासणीचं साधन आहे, आणि फुकट आहे.

मीटरवर भिस्त ठेवणारे लोक सर्वात जास्त फसतात ते ट्वीटरपाशी. लहान ट्वीटरच्या वायरीत कपॅसिटर बसवलेला असतो. तो बेस अडवतो आणि बारीक सूर जाऊ देतो. स्थिर वीज त्याच्यातून जात नाही, म्हणून कपॅसिटरसकट मोजलेला उत्तम ट्वीटरही मीटरवर मेलेला दिसतो. कपॅसिटर वगळून थेट ट्वीटरच्या टोकांवर मोजलं तर आकडा येतो. एकाच चौकटीत मोठा पडदा आणि मधोमध ट्वीटर असलेल्या स्पीकरचं याच्या उलट. तिथे ट्वीटर जळून राख झाला तरी मीटर मोठ्या कॉइलचा नेहमीचा आकडा दाखवतं आणि मिस्त्री ‘एकदम ओके’ म्हणतो. एकाच मीटरने एकदा निरपराध्याला दोषी ठरवलं आणि एकदा दोषी सोडून दिला. दोन्ही वेळा मीटर बरोबरच होतं.

शिवाय कॉइल अखंड असूनही स्पीकर खराब असू शकतो. कॉइल चुंबकाच्या अरुंद फटीत पुढे-मागे हलते आणि तिच्या भोवतीची मोकळी जागा मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते. उष्णतेने कॉइलची नळी थोडी वाकली, फटीत कचरा गेला, स्पीकर आपटून चुंबक सरकलं, की कॉइल घासते. मीटर तेव्हाही ३.५ दाखवतं. हे शोधायला बोटं लागतात. मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना दोन अंगठे ठेवून पडदा सारख्या दाबाने हळू आत न्यायचा आणि सोडायचा. खरखर हाताला जाणवली तर कॉइल घासते आहे. एका बाजूनेच दाबलं तर चांगली कॉइलही घासल्यासारखी वाटेल, म्हणून दाब सारखा हवा. मग कडेचं रबर, कापड किंवा फोम बोटाने फिरून पाहायचं. चीर, सुटलेला गोंद, चुरा होणारा फोम लगेच सापडतो.

पडद्याची दिशा पाहायला दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. सेलची प्लस बाजू स्पीकरच्या प्लसला क्षणभर टेकवली की टक् आवाज होऊन पडदा बाहेर यायला हवा. काही ठिकाणी हेच काम गाडीच्या बॅटरीवरून केलं जातं, आणि त्याला माझा सक्त आक्षेप आहे. दीड व्होल्टवर साडेतीन ओहमच्या कॉइलमध्ये अर्ध्या अँपियरहून कमी प्रवाह जातो आणि उष्णता पाऊण वॅटहूनही कमी होते. १२ व्होल्टवर तोच प्रवाह साडेतीन अँपियरच्या घरात आणि उष्णता चाळीस वॅटच्या घरात जाते, तीही पडदा एका टोकाला ताणून धरलेला असताना. तपासायला घेतलेला स्पीकर तपासणीनेच मारायचा आणि मग ‘बघा, गेलेला आहे’ म्हणायचं, हा कुठला न्याय?

तर मीटर विजेचं सांगतं, बोटं यंत्राचं सांगतात, आणि कान शेवटी सांगतो. फोनमधल्या टोन वाजवणाऱ्या अॅपवरून ५० ते २०० हर्ट्झपर्यंतचा एकसुरी आवाज कमी व्हॉल्यूमवर हळूहळू चढवत नेला, की गाण्याच्या गोंगाटात लपलेली फडफड उघडी पडते. तीच फडफड स्पीकर दरवाजातून काढून हातात धरल्यावरही राहिली तर स्पीकर दोषी. नाहीशी झाली तर दरवाजा दोषी. यातली एक तपासणी दुसरीची जागा घेत नाही. हे गूढ शास्त्रही नाही. आज गाडीच्या दरवाजात बसतो तो स्पीकर मुळात १९२५ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी मांडलेल्या रचनेचाच वंशज आहे. चुंबक, कॉइल, पडदा, कडा. शंभर वर्षांत त्याचे मोडण्याचे प्रकारही फारसे वाढलेले नाहीत, आणि ते सगळे माहीत असलेले आहेत.

तिसरा मुद्दा आपल्या जिल्ह्याचा. ‘नगरला स्पीकर टिकत नाही’ हे वाक्य इतक्या सहज येतं, की जणू इथली हवाच निकाल देते. हवा त्रास देते, हे नाकारायचं कारण नाही. पण ती एकाच प्रकारे त्रास देत नाही. जामखेड-पाथर्डीकडचा त्रास धुळीचा. आपल्या बेसॉल्टच्या मातीत मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. ओढ्याच्या वाळूत चुंबक फिरवला की त्याला काळी मिशी फुटते, हे शाळकरी मुलांनाही माहीत आहे. स्पीकरची मधली टोपी फाटली की हेच कण नेमके चुंबकाच्या फटीत जाऊन बसतात. तिथे कॉइल जळालेली नसते, घासत असते. टोपी काढून चिकटपट्टीने कण उचलून पाहता येतं.

अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडी, भंडारदरा या पट्ट्यातला त्रास पावसाचा. काचेच्या रबरातून थोडं पाणी दरवाजात उतरतंच. ते खालच्या भोकांतून वाहून जाईल, अशीच दरवाजाची बांधणी असते. भोकं चिखलाने बुजली की पाणी साचतं, कागदी पडदा फुगतो, पत्त्या गंजतात. अशा दरवाजात भोकं न उघडता नवा स्पीकर बसवणं म्हणजे पुढच्या आषाढासाठी गिऱ्हाईक राखून ठेवणं. उन्हाचा मार बसतो तो मागच्या काचेखालच्या फळीवरच्या स्पीकरांना. तिथे कडेचा फोम काही वर्षांत सुकून भुगा होतो. आणि नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांतून शिर्डी-शिंगणापूरच्या खेपा मारणाऱ्या टॅक्सीत स्क्रू सैल होतात, डाग सुटतो, दरवाजा रोज शेकडो वेळा उघड-बंद होऊन बिजागरीजवळच्या नळीत वायर आतल्या आत तुटते. तिथे मीटर टेपच्या बाजूने वायरीला लावून दरवाजा हलवत राहावा. आकडा नाचला की वायर पकडली गेली. धूळ, पाणी, ऊन, धक्के या चौघांच्या खुणा वेगळ्या आहेत आणि उपायही वेगळे आहेत. म्हणजे इथली हवा वाईट आहे हे कारण बदलण्याच्या बाजूचं नाही, तपासण्याच्या बाजूचं आहे.

चौथा मुद्दा दोष गिऱ्हाइकावर ढकलतो. ‘तुम्ही फुल आवाज लावता.’ यात तथ्य आहे, पण अर्धवट. टेपच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक त्यावर विश्वास ठेवून बटण शेवटपर्यंत फिरवतं. हिशेब करून पाहू. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट असतात. वेगळा अँप्लिफायर नसलेला टेप ४ ओहमच्या स्पीकरला यातून स्वच्छ सुराचे जास्तीत जास्त २६ वॅटच्या आसपास देऊ शकतो, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. ५० वॅट केव्हा निघतात? सुराच्या लाटेचे माथे पूर्ण छाटून ती चौकोनी झाली की. म्हणजे खोक्यावरचा आकडा स्वच्छ गाण्याचा नाहीच, तो फाटलेल्या आवाजाचा आहे, आणि फाटलेला आवाज त्याच कॉइलमध्ये जवळपास दुप्पट उष्णता ओततो. मग कॉइल जळाली तर दोष एकट्या बटण फिरवणाऱ्याचा कसा? ज्याने आकडा छापला आणि ज्याने तो वाचून दाखवत माल विकला, त्यांचाही त्यात वाटा आहे. स्पीकर घेताना खोक्यावरचा मोठा आकडा सोडून आरएमएस लिहिलेला छोटा आकडा पाहावा. टेप, अँप्लिफायर आणि स्पीकर यांची जुळणी त्यावरच करायची असते.

ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांवर हेच आणखी उघड दिसतं. हंगाम लागला की प्रवरानगर, सोनई, भेंडा अशा कारखान्यांच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गाणी वाजवत जातात. बेसच्या ठोक्याला दिवे मंद होत असतील तर व्होल्टेज कोसळतं आहे, आणि कोसळत्या व्होल्टेजवर अँप्लिफायरचा आवाज आणखी लवकर फाटतो. जाड वायर, चांगली अर्थिंग, योग्य फ्यूज आणि थोडा कमी आवाज हा त्यावरचा इलाज. दर हंगामाला नवा, आधीपेक्षा मोठ्या आकड्याचा स्पीकर हा इलाज नव्हे. मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न चालकाला ऐकू यायला हवा, हा मुद्दा तर वेगळा आणि स्पीकरपेक्षा मोठा आहे.

आता पाचवा मुद्दा, जो मी खरा मानतो. दुकानदार म्हणतो, ‘पॅनल उघडायचं, क्लिपा सांभाळायच्या, वायर शोधत बसायचं, आणि शेवटी निघणार काय? सुटलेला डाग. गिऱ्हाईक म्हणणार, एवढ्याचे कसले पैसे? जोडी विकली तर निदान चार पैसे सुटतात.’ हे ऐकून त्याला लबाड ठरवणं सोपं आहे. पण त्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर त्याचं गणित चुकीचं नाही. आपल्याकडे तपासणीला किंमत नाही. ‘नुसतं बघितलं तर’ त्याचे पैसे मागणं अपमान समजला जातो. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते काम कोण नीट करील? मग दुकानदार ज्याचे पैसे मिळतात ते करतो, म्हणजे माल विकतो. फुकट निदानाची किंमत आपण नव्या जोडीच्या रूपाने भरतो आणि वर स्वस्तात काम झालं असं समजतो. या बाबतीत गिऱ्हाईक दुकानदाराइतकंच जबाबदार आहे.

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. विहिरीवरची मोटार बंद पडली तर राहुरीचा शेतकरी ती लगेच भंगारात घालत नाही. आधी स्टार्टर पाहतो, केबल पाहतो, वायरमनला बोलावतो, मोटार जळालीच असेल तर भरून आणतो, आणि या प्रत्येक कामाचे पैसे देतो. तिथे पाणी अडलेलं असतं म्हणून आपण शहाणे होतो. तोच माणूस गाडीच्या बाबतीत ‘टाका बदलून’ म्हणतो. स्पीकरही तांब्याची कॉइल आणि चुंबकाचीच वस्तू आहे. तिला वेगळा नियम का? नगरच्या शेजारी वाहननगरला संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२६व्या नियमात गाड्यांच्या नमुन्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थांमध्ये तिचं नाव आहे. मोजल्याशिवाय गाडी पास न करणारी संस्था ज्या गावात आहे, त्या गावच्या बाजारात मोजल्याशिवाय स्पीकर नापास होतो, ही काही अभिमानाची गोष्ट नाही.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो मला मान्य आहे. प्रत्येक स्पीकर वाचवण्यासारखा नसतो. कॉइल खरोखर जळाली असेल, तर सहा इंचांच्या साध्या स्पीकरला जुळणारी कॉइल शोधून बसवण्यापेक्षा नवा घेणं बहुतेक वेळा शहाणपणाचं. फाटकी कड, सुटलेली तार, ट्वीटरचा कपॅसिटर, गंजलेली पत्ती यांचं तसं नाही. ही कामं होतात. डावा-उजवा आवाज जुळावा म्हणून पुढची जोडी एकत्र बदलणंही समजू शकतं. पण पुढचा एक गेला म्हणून मागची जोडीही बदला, याला कुठलाच आधार नाही. आणि बदलायचंच असेल तरी कशामुळे गेला ते आधी कळायला हवं. नाहीतर जुन्याला ज्याने मारलं, ते नव्याची वाट पाहत तिथेच बसलेलं असतं.

म्हणून दुकानदारांना माझं सांगणं आहे. तपासणीचा दर फळ्यावर लिहा आणि तो लाज न बाळगता घ्या. माल घेतला तर हवं तर त्यातून वजा करा. मीटरचा आकडा गिऱ्हाइकाला दाखवा, शेजारच्या चांगल्या स्पीकरचा आकडाही दाखवा. मूळ वायर कापू नका, कपलर मिळतात. काढलेला स्पीकर मालकाच्या हातात द्या. बिल द्या, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आणि गाडीवाल्यांना सांगणं असं. दुकानात शिरण्याआधी बॅलन्स-फेडर फिरवून बिघडलेला कोपरा स्वतः शोधा, दुसरं गाणं लावा, दरवाजावर हात ठेवा. दुकानात तीन प्रश्न विचारा. मीटरवर किती आलं? पडदा दाबल्यावर घासतो का? स्पीकर बाहेर काढून वाजवून पाहिलात का? तिन्हींची उत्तरं दाखवणाऱ्याला तपासणीचे पैसे खळखळ न करता द्या, मग त्यातून निघालेला दोष एका डागाचा का असेना. एकाही प्रश्नाचं उत्तर न देता जो नवी जोडी पुढे करतो, त्याच्याकडे ती घेऊ नका.

स्पीकर खराब झालाय हे सिद्ध करण्याची जबाबदारी तो बदला म्हणणाऱ्यावर आहे. ती पार पडेपर्यंत जुना स्पीकर चांगलाच समजावा.